मजुराचें घर आणि त्याचा एक एकर
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



आज मी दूरच्या आयर्लंड देशांतील एका माणसाची हकीकत सांगणार आहें. कॉर्क परगण्यांत १८७३ सालीं एका कुळाच्या घरीं डॅनियल शीहन नांवाचा मुलगा जन्मला. १८८० सालीं त्या कुटुंबाला जमिनीवरून हुसकून लावण्यांत आलें. घर सुटणें म्हणजे काय, हें त्याला सातव्या वर्षीं कळलें.

हाच मुलगा पुढें वर्तमानपत्रांत लिहूं लागला आणि तिशी गांठण्यापूर्वींच, १९०१ सालीं, मध्य कॉर्कतर्फें लंडनच्या पार्लमेंटांत निवडून गेला.

तेथें कुळांसाठीं भांडणारे पुष्कळ होते. १९०३ सालीं विंडहॅम यांचा कायदा झाला. सरकारनें पैसा पुरवावा, कुळानें जमीन विकत घ्यावी आणि साडेअडुसष्ट वर्षें हप्ते भरावेत, असें ठरलें. जमीनदारी मोडूं लागली. फार चांगलें झालें! पण ज्याच्याजवळ कसायला जमीनच नव्हती, जो दुसऱ्याच्या शेतावर राबून मातीच्या खोपटांत दिवस काढीत होता, त्याच्या पदरांत काय पडलें?

मजुरांना घरें बांधून देण्याचा कायदा १८८३ पासून होता. पण तो बराचसा कागदावरच राही. कां? घरासाठीं जागा शेतकऱ्याच्या रानांतून घ्यावी लागे आणि खर्चाची पट्टीहि त्याच्यावरच बसे. म्हणून काल जमीनदाराच्या नांवानें रडणारा शेतकरीच पुष्कळदां मजुराच्या घराला आडवा येई. मंडळी, हें वाक्य मी मुद्दाम सावकाश बोललों.

शीहन स्वतः कुळाच्या पोटचे. परंतु ते मजुरांच्या संघाचे अध्यक्ष झाले. गांवोगांव सभा घेतल्या, आणि तेथील गाऱ्हाणीं पार्लमेंटांत नेलीं. अखेर १९०६ सालीं नवा कायदा झाला. घरांसाठीं साडेबेचाळीस लक्ष पौंडांच्या कर्जाची सोय झाली, आणि हप्त्याचा शेंकडा ३६ भाग सरकारी तिजोरीनें उचलला. पट्टीचा भार हलका झाला, तशी शेतकऱ्याची कुरकुरहि कमी झाली. पहिलें महायुद्ध सुरू होईपर्यंत अशीं चाळीस हजारांवर घरें उठलीं. घराभोंवतीं अर्धा ते एक एकर जमीन. तींत बटाटे लावावे, कोंबड्या पाळाव्या. कॉर्ककडे लोक त्यांना शीहनचीं घरें म्हणत.

हें एकट्याचें काम नव्हे. मागें संघ होता, म्हणून पुढें आवाज निघाला. त्याच वर्षीं शीहन यांना त्यांच्या पक्षानें दूर लोटलें. त्यांनीं जागेचा राजीनामा दिला व मतदारांनाच कौल मागितला. डिसेंबर १९०६ मध्यें त्यांच्याविरुद्ध उभा राहण्यास कोणी पुढें आला नाहीं!

मंडळी, कायदा करून घेणें अवघड खरें. पण आपल्याहून खालच्याला त्याचा लाभ मिळूं देणें त्याहून अवघड. आपल्या पायांतला कांटा निघाला, कीं दुसऱ्याच्या पायाकडे पाहण्याची संवय आपणांस नसते. आज घरीं जातांना एवढेंच मनाशीं विचारा : माझ्या शेतावर राबणाऱ्या गड्याचें घर कोणाच्या जागेंत उभें आहे, आणि उद्यां त्याला स्वतःची जागा मिळूं लागली, तर मी कोणत्या बाजूस उभा राहीन?