ताटाची डावी बाजू

ताटाची डावी बाजू आठवा: मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. शिवाय भातावर टेकवलेला पापड. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ खायला सांगते. आमटी-भाजीतच त्यातलं बरंचसं संपतं.

मिठातलं सोडियम शरीरात पाणी धरून ठेवतं. रक्ताचं आकारमान वाढतं, रक्तवाहिन्यांवरचा दाब चढतो, हृदयाला जास्त राबावं लागतं. ‘आम्ही सैंधवच वापरतो’ असं सांगणारे बरेच भेटतात. पण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. वर त्यात आयोडीन सहसा घातलेलं नसतं. पापडखार, खाण्याचा सोडा यांतही सोडियम असतं, जिभेला कळो न कळो.

रक्तदाब वाढवण्याची साखरेची वाट वेगळी. ती वजन वाढवते. शिवाय इन्शुलिन सतत चढं राहिलं की मूत्रपिंडं सोडियम बाहेर टाकायला कुचराई करतात. गुळालाही यातून सूट नाही, बरं का!

बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं. त्यात पोटॅशियम असतं, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रक्तात पोटॅशियम साचलं तर हृदयाची लय बिघडू शकते.