सेवा करणाऱ्यालाही सांभाळावे लागते
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



बारावीनंतर काय, असे विचारले की वसई-विरारमधल्या आपल्या कितीतरी मुली आता नर्सिंगचे नाव घेतात. मला याचा आनंद आहे. मी स्वतः तीस वर्षे परिचारिका होते. पण या पेशातली एक गोष्ट प्रवेशाच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. ती आज सांगते.

नोकरीच्या चौथ्या वर्षी, रात्रपाळीत, एका लहान मुलाने माझ्या हातांवर प्राण सोडला. त्याच्या आईला सावरले, कागद पुरे केले आणि सकाळच्या लोकलने विरारला आले. घरी माझ्या मुलाच्या हातून दूध सांडले. मी त्याला मारले. पुढे कित्येक दिवस झोप लागेना. वॉर्डात कोणी रडले तरी काही वाटेना. "नर्सने मन घट्ट करावे," असे वरिष्ठांनी सांगितले. माझाच दोष समजून मी गप्प राहिले.

तो दोष नव्हता. दुसऱ्याचे दुःख रोज पाहता-ऐकता आपल्याही मनाला जखम होते. तिला दुय्यम आघात म्हणतात. कामाचा ताण वर्षानुवर्षे साचून माणूस आतून रिता होतो, ते बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता, न सावरलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम म्हटले. म्हणजे उपायही एकट्या माणसाकडे मागून चालणार नाही.

२३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून कोविडचे १३ रुग्ण दगावले. सारे शहर हळहळले. पण दुसऱ्या दिवशीही शहरातल्या रुग्णालयांत पाळ्या सुरूच होत्या. त्या पाळीवर जाणाऱ्या मुलीला, "बेटी, तू कशी आहेस?" असे किती घरांनी विचारले?

मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळल्या आणि २०१५ मध्ये वारल्या. बेचाळीस वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना जपले. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. ही खिदमत एकीने केली नाही. पाळी बदलत होती, पिढी बदलत होती. ओझे अनेकींच्या खांद्यांवर होते, म्हणूनच ते इतकी वर्षे वाहता आले.

पालकांनो, रात्रपाळी करून आलेल्या मुलीला आधी चहा द्या, झोपू द्या. त्या दिवशी चूल दुसऱ्याने पेटवावी. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर खोदून विचारू नका. "पगार मिळतो ना, मग कुरकुर कशाला?" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

विद्यार्थिनींनो, रुग्णाचे नाव आणि आजार कोणाला सांगू नका. पण स्वतःच्या मनाचे हाल एका तरी सोबतिणीला सांगा. साप्ताहिक सुट्टी सोडू नका. झोप उडाली, चिडचिड वाढली किंवा मन दगड झाले, तर सल्ला घ्या. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. तिथे मराठीतही बोलता येते.

माझ्या मुलाची माफी मी बारा वर्षांनी मागितली. तो म्हणाला, "अम्मी, तेव्हाच सांगितले असतेस तर!" तुमच्या घरात ते 'तेव्हाच' सांगितले जावे, एवढीच माझी विनंती आहे.