खेळाचे नियम कोणाचे?



रहस्यकथांचं वेड मला शाळेपासूनचं. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजारराव पाठ्यपुस्तकात लपवून वाचणाऱ्या पिढीतला मी. त्या कथांत पिस्तुलं झाडली जात, तिजोऱ्या फुटत. पण वाडा खरा असे आणि भिंती आपल्या जागी असत. मध्यंतरी बारावीतल्या माझ्या नातीनं एक इंग्रजी कादंबरी हातात ठेवली. म्हणाली, "आजोबा, यात भिंतीच खोट्या आहेत. आता पकडा चोर!"

ही कादंबरी म्हणजे मारी लू यांची 'वॉरक्रॉस', २०१७ साली प्रसिद्ध झालेली. लेखिकेचा जन्म चीनमधला. लहानपणीच त्या अमेरिकेत गेल्या. व्हिडिओ गेमच्या व्यवसायात चित्रकार म्हणून त्यांनी काम केलेलं आहे, त्यामुळे खेळ आतून कसा बांधतात हे त्यांना ठाऊक.

कथेतलं सारं जग एक खास चष्मा लावून वॉरक्रॉस खेळतं. चष्मा लावला की आपली खोली नाहीशी होते आणि दुसरंच जग उभं राहतं. कल्पना अगदीच हवेतली नाही. डोक्यावर चढवायचं असं एक यंत्र अमेरिकेत इव्हान सदरलँड यांनी १९६८ सालीच केलं होतं. ते इतकं जड की छताला टांगावं लागे!

नायिका एमिका चेन अठरा वर्षांची, न्यूयॉर्कची. घरभाडं थकलेलं. पैशांच्या ओढीनं ती स्पर्धेच्या उद्घाटनाच्या सामन्यात चोरून शिरते आणि साऱ्या जगासमोर उघडी पडते. आता शिक्षा होणार, असं वाटत असताना टोकियोहून बोलावणं येतं. खेळाचा तरुण निर्माता हिदेओ तनाका तिला खेळाडू म्हणून स्पर्धेत घुसवतो. खरं काम मात्र हेरगिरीचं. 'झीरो' नावाच्या घुसखोराला शोधायचं.

झीरो कोण, हे मी सांगणार नाही. पण दुसरं एक रहस्य फोडल्याशिवाय मला पुढे बोलता येत नाही. हिदेओचा धाकटा भाऊ लहानपणी नाहीसा झालेला. असं दुःख कुणाच्याच वाट्याला येऊ नये, म्हणून त्याचं यंत्र आता माणसांच्या मनातली गुन्ह्याची इच्छाच दाबून टाकणार असतं. म्हणजे शोध घुसखोराचा चाललेला, आणि खरी धास्ती वाटावी ती घरमालकाची!

मी नातीला म्हटलं, "केवढं भयंकर!" ती शांतपणे म्हणाली, "का? रात्री क्लासहून एकटी येताना मला भीती वाटते. ती गेली तर वाईट काय, आजोबा?"

श्रोतेहो, त्या क्षणी मला उत्तर सुचलं नाही. त्या वाटेवर तिला भीती वाटते, हेही मला प्रथमच कळत होतं.

दोन दिवसांनी मी म्हणालो, "ज्याला वाईट वागताच येत नाही, त्याचं चांगलं वागणंही त्याचं स्वतःचं राहत नाही. आणि गुन्हा कशाला म्हणायचं, हे तो एकटा हिदेओ ठरवणार. उद्या त्याला प्रश्न विचारणं हाच गुन्हा ठरला, तर विचारायची इच्छाही आपल्याला होणार नाही."

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पटलं. पण माझ्या भीतीचं काय?"

झुंजाररावाला एवढा अवघड प्रश्न कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. भीती घालवायचं यंत्र नको म्हणणाऱ्यानं ती घालवण्यासाठी स्वतः काहीतरी केलं पाहिजे, एवढं मात्र उमगलं. गल्लीतल्या बंद दिव्यांसाठी आम्ही शेजाऱ्यांनी मिळून अर्ज दिला आहे. दिवे लागेपर्यंत रात्री नऊ वाजता मी नाक्यावर जाऊन उभा राहतो. परत येताना ती मला कादंबरीचा दुसरा भाग, 'वाइल्डकार्ड', थोडा थोडा सांगते. शेवट मात्र अजून सांगितलेला नाही.