सायकलस्वाराची शिदोरी



आपल्याकडे लांब जाणाऱ्या माणसाला रिकाम्या हाताने घराबाहेर पडू देत नाहीत. शेतावर निघालेल्याच्या हाती भाकरीचे गाठोडे असते, वारकऱ्याच्या पिशवीत दशम्या असतात, परगावी शिकायला निघालेल्या मुलाच्या ट्रंकेत आई लाडवांचा डबा ठेवते. मग सायकलवरून पन्नास-साठ किलोमीटर जाणाऱ्याने आपली शिदोरी कोठे ठेवावी? प्रश्न दिसायला अगदी साधा आहे. कॅरियरला डबा बांधला की झाले, असे तुम्ही म्हणाल. पण तेवढ्याने भागत नाही. ते का भागत नाही, आणि सायकलच्या सांगाड्यात बसणारी लहानशी पिशवी कशी निवडावी, याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. घरापासून शाळेपर्यंत चार-पाच किलोमीटर जाणाऱ्याला अशा पिशवीची गरज नाही. हा विचार दीड-दोन तासांच्या वरच्या प्रवासासाठी आहे. अलीकडे असे प्रवासी वाढले आहेत. कोणी सायकलवरून पंढरपूरला जातात, कोणी सुट्टीत गडकिल्ले पाहायला निघतात, तर काही शिक्षक मुलांच्या सहली सायकलवरून काढतात. या सर्वांनी शरीराचा एक हिशेब समजून घेतला पाहिजे.

आपण जे अन्न खातो त्यातल्या साखरेचा काही भाग शरीर यकृतात आणि स्नायूंत साठवून ठेवते. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. कणगीत धान्य असावे तसा हा साठा असतो. पण ही कणगी लहान आहे. साधारण चारशे ते पाचशे ग्रॅम एवढाच तो साठा. जोराने सायकल चालवली तर दीड-दोन तासांत तो तळाला जातो. चरबीचा साठा पुष्कळ असतो खरा, पण ती सावकाश जळते. चढावर लागणारा जोर एकट्या चरबीतून निघत नाही. म्हणून तासाभराहून अधिक श्रम करायचे असतील तर दर तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट किंवा शर्करायुक्त पदार्थ पोटात जावेत, असे व्यायामशास्त्राचे जाणकार सांगतात.

ते गेले नाहीत तर काय होते? पायांतले त्राण जाते. हात थरथरतात, गार घाम सुटतो, माणूस उगाच चिडचिड करू लागतो. इथपर्यंत फक्त त्रास आहे. धोका पुढे आहे. रक्तातली साखर उतरली की डोके नीट चालत नाही. मागून येणाऱ्या ट्रकचा अंदाज चुकतो, ब्रेक दाबायला उशीर होतो. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना शिरवळ मागे पडल्यावर खंबाटकीचा चढ लागतो. चढावर थकलेला माणूस फार तर उतरून चालू लागेल. पण घाटमाथ्यावर पोहोचून, पोट रिकामे ठेवून, तो उताराला लागला तर काय होईल याची कल्पना करा. शिदोरीचा प्रश्न नुसता जिभेच्या चोचल्यांचा नाही, तो हातपाय शाबूत घरी येण्याचा आहे.

आता तुम्ही म्हणाल, भूक लागली की थांबावे आणि खावे. त्यात काय अवघड आहे? अवघड हे आहे की अशा श्रमात भुकेची खूण उशिरा कळते. आणि ती कळल्यावर खाल्लेले अन्न अंगी लागायला आणखी वेळ जातो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार. फ्रान्समध्ये पॉल द विव्ही (१८५३–१९३०) नावाचे गृहस्थ होऊन गेले. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने ते ओळखले जात. सायकलविषयीचे एक नियतकालिक त्यांनी बरीच वर्षे चालवले आणि लांबच्या प्रवाशांना काही साधे नियम घालून दिले. भूक लागण्याआधी खावे आणि तहान लागण्याआधी पाणी प्यावे, हा त्यांतला एक. आजचे शास्त्र खाण्याबाबत तरी त्याला दुजोराच देते.

या नियमात पिशवीचे सारे मर्म आले. दर अर्ध्या तासाला दोन घास खायचे तर शिदोरी हाताशी हवी. कॅरियरला दोरीने आवळलेला डबा सोडायचा म्हणजे उतरा, सायकल उभी करा, गाठ सोडा, पुन्हा बांधा. मग माणूस काय करतो? ‘पुढच्या गावी खाऊ’ म्हणतो, आणि पुढचे गाव आले की ‘त्याच्या पुढच्या’ म्हणतो. डबा भरलेला आणि पोट रिकामे, अशी गत होते.

बरे, हँडलला कापडी पिशवी अडकवली तर? ही सवय आपल्या खेड्यापाड्यांत फार आहे, आणि ती फार वाईट आहे. पिशवी हेलकावे खाते, वळताना पुढच्या चाकाकडे झुकते. तिचा बंद किंवा कोपरा आऱ्यांत गेला की चाक जागच्या जागी अडकते आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. तेव्हा हँडलवर लोंबती पिशवी नको, हे मुलांना बजावून सांगा.

मग जागा उरते ती सांगाड्याची. आपल्या सायकलीला वर आडवी दांडी असते, खाली तिरकी दांडी, आणि सीटखाली उभी दांडी. या तिन्हींच्या मधल्या त्रिकोणात वजन ठेवले तर ते दोन्ही चाकांच्या मध्ये आणि खालच्या बाजूला राहते. तोल बिघडत नाही. इथे पिशवी दोन प्रकारे बसते. एक, आडव्या दांडीवर हँडलच्या लगेच मागे बसणारी, चष्म्याच्या घरासारखी लांबट. दुसरी, दांडीखाली पुढच्या कोपऱ्यात बसणारी तिकोनी. केवळ खाऊसाठी पहिली अधिक सोयीची, कारण झिप वर असते आणि हात सरळ पोहोचतो. तिकोनी पिशवीत माल थोडा जास्त मावतो, पण वाकून हात घालावा लागतो. तिकोनी घेतलीत तर ज्या हाताने तुम्ही खाता त्या बाजूला तिचे तोंड आहे ना, हे पाहून घ्या.

पिशवी किती मोठी असावी? दुकानात जाऊन मग ठरवू नका. आधी घरी खाऊ टेबलावर मांडा. एक मध्यम केळे आणि गुळाचा लहानसा खडा, किंवा चार-पाच खजूर. एवढ्यात तासाभराची तीस ग्रॅमची किमान गरज साधारण भागते. शेंगदाण्याची चिक्की चांगली, पण तिच्यात शेंगदाणे असल्यामुळे साखर निम्म्याच्या आसपास धरावी. घरून न्याहारी करून निघालात तर पहिला तास तसाच जातो. आपल्या मुलखात दोन तासांच्या वाटेवर कोठे ना कोठे चहाची टपरी भेटतेच. म्हणजे दोन-तीन तासांचा खाऊ जवळ असला की पुरे. तो अर्धा ते एक लिटरच्या पिशवीत मावतो. अर्ध्या लिटरच्या दुधाच्या दोन पिशव्या शेजारी ठेवा, तेवढेच आकारमान. याहून मोठी पिशवी घेतली की तिच्यात पंप येतो, पाना येतो, कुलूप येते, आणि खाऊ तळाला जातो. अवजारांसाठी सीटखालची पिशवी वेगळी ठेवा. तेलाचे फडके आणि राजगिऱ्याची वडी यांचा शेजार बरा नव्हे.

माप घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली गुडघ्यांची. पिशवी रुंदीला पाच-सहा सेंटिमीटरच्या आत असावी. ती बांधून, कोणाला तरी सायकल धरायला लावून, दहा-बारा वेळा पायडल उलटे फिरवा. गुडघा किंवा मांडी घासली तर ती पिशवी तुमची नव्हे. दहा फेऱ्यांत जे नुसते जाणवते ते पन्नास किलोमीटरवर कातडी सोलते. दुसरी गोष्ट पाण्याच्या बाटलीची. तिकोनी पिशवी बसवल्यावर बाटली खोबणीतून सहज निघते का, ते पाहा. खाऊसाठी पाणी गमावणे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ब्रेकची. काही सायकलींच्या ब्रेकची तार आडव्या दांडीलगत जाते, आणि जुन्या काळ्या सायकलींच्या मागच्या ब्रेकची सळी खालच्या तिरक्या दांडीलगत जाते. पिशवीचा पट्टा तिच्यावर आवळला गेला तर ब्रेक अडकतो. पट्टे तारेच्या किंवा सळीच्या आतून घ्या, आणि बांधून झाल्यावर दोन्ही ब्रेक चार-चार वेळा दाबून, चाक फिरवून पाहा.

पट्टे निदान तीन हवेत: दोन दांडीला, एक हँडलखालच्या मानेला. मानेचा पट्टा नसेल तर पिशवी खड्ड्याखड्ड्याला डावी-उजवीकडे कलंडते. पट्ट्याखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. त्याने रंग खरवडत नाही आणि पट्टा सरकतही नाही. झिप एका हाताने उघडते का, ते दुकानातच पाहा. तिच्या टोकाला बोटभर नाडी बांधली की घामेजलेल्या हातालाही ती सापडते. पावसाळ्यात ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर फार विसंबू नका. कापडातून पाणी जात नसले तरी शिवणीतून आणि झिपेतून ते आत येते. खाऊ आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग आत ठेवावा, हा उपाय स्वस्त आणि खात्रीचा.

विकतची पिशवीच हवी असे मुळीच नाही. गावातला शिंपी ती शिवून देईल. सांगाड्याच्या कोपऱ्याला पुठ्ठा लावून आकार आखा, कापा, बसतो का पाहा आणि तोच पुठ्ठा शिंप्याकडे न्या. जुन्या जीनची पँट किंवा कॅनव्हासचा तुकडा, आतून रेक्झिन, एक झिप आणि वेल्क्रोच्या चिकटपट्ट्या एवढे साहित्य लागते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांकडून हे करून घेता येईल. त्रिकोणाचे कोन मोजणे, शिवणीसाठी जागा सोडणे, घनफळ काढणे, हे सारे गणित त्यात आपोआप येते.

मुलींच्या सायकलींना आडवी दांडी नसते. त्यांना दांडीवरची पिशवी बसत नाही. त्यांच्यासाठी हँडल आणि मान यांच्या कोपऱ्यात घट्ट बांधलेली, तांब्याएवढी गोल पिशवी चांगली. तोंडाला नाडी, खाली मानेला एक पट्टा. लोंबणार नाही, एवढे मात्र पाहायचे.

आत काय ठेवावे? गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याची वडी, गुळपोळीची सुरळी, दशमी. सारे एका-दोन घासांचे तुकडे करून, कागदात सैल गुंडाळून. केळे सर्वांत वर ठेवा आणि सर्वांत आधी खा. चिवडा नको, एका हाताने तो खाता येत नाही आणि घसा कोरडा करतो. चॉकलेट आपल्या उन्हात वितळते. उन्हाळ्यात घामावाटे मीठही जाते, म्हणून मिठाची पुडी आणि एखादे लिंबू जवळ असू द्या. रिकामे कागद मात्र त्याच पिशवीत परत घाला, रस्त्यावर नकोत.

कोणी म्हणेल, मोठमोठ्या शर्यती जिंकणारे असल्या पिशव्या कोठे लावतात? नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका आरपार ओलांडणारी सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. अशा शर्यतीत मागे मोटार असते, माणसे असतात, ती वेळेवर हातात घास देतात. पण ‘ब्रेव्हे’ म्हणून जे लांब पल्ल्याचे प्रवास होतात, उदाहरणार्थ साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, त्यांत दोन ठाण्यांच्या मध्ये मोटारीची मदत चालत नाही. आपले प्रवास या दुसऱ्या जातीचे. आपली मोटारही तीच पिशवी आणि आपला सोबतीही तीच पिशवी.

शिक्षकमित्रांना दोन शब्द वेगळे. मुलांना चालत्या सायकलवर खाऊ देऊ नका. मोठ्यांनीही सपाट, मोकळ्या रस्त्यावरच एक हात सोडावा. घाटात आणि रहदारीत दोन्ही हात हँडलवर. सहलीत दर अर्ध्या-पाऊण तासाला शिट्टी वाजवा, रस्त्याच्या कडेला सर्वांना उभे करा, दोन घास, दोन घोट, की निघा. पिशवी हाताशी असली तर यात दोन मिनिटे जातात. डबे सोडायचे म्हटले तर वीस. एखादे मूल अबोल झाले, मागे पडू लागले, तर त्याला रागावण्याआधी त्याची पिशवी उघडून पाहा. खाऊ जसाच्या तसा असेल तर कारण तुम्हाला सापडले. आणि मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून लांबच्या प्रवासाला निघू नये. निघाल्यास साखर आपल्या पिशवीत ठेवावी आणि ती कोठे आहे हे सोबत्यालाही सांगून ठेवावे.

तात्पर्य काय, तर पिशवी निवडताना किंमत आणि रंग यांचा विचार शेवटी करा. हात पोहोचतो का, गुडघा घासतो का, ब्रेक मोकळा आहे का, आणि दोन-तीन तासांचा खाऊ मावतो का, हे चार प्रश्न आधी विचारा. चारही उत्तरे ठीक आली तर शिंप्याने शिवलेली जुन्या पँटची पिशवीही उत्तम. पुढच्या सुट्टीत दूर जायचा बेत असेल तर आदल्या दिवशी ती बांधून, भरून, गावाभोवती एक फेरी मारून पाहा.