स्टॅटिक आयपी घ्यायचा, पण टाकायचा कुठे?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "स्टॅटिक आयपीचे पैसे भरले, आकडे कॉम्प्युटरमध्ये टाकले आणि नेटच गेलं. असं का?"

कारण पत्ते दोन असतात. एक घरातला, साधारण १९२.१६८ ने सुरू होणारा. तो राउटर वाटतो, तो फुकट आहे. दुसरा बाहेरचा, जो प्रोव्हायडर देतो आणि ज्याचे दरमहा पैसे लागतात. प्रोव्हायडरकडून आयपी, सबनेट मास्क, गेटवे आणि डीएनएस मिळाले, की ते राउटरच्या वॅन पानावर टाकायचे. वायर थेट कॉम्प्युटरला लावली असेल, तरच ते विंडोजमध्ये. काही ठिकाणी तर युजरनेम-पासवर्ड तोच राहतो, आयपी फक्त त्यांच्याकडून पक्का होतो. म्हणून आधी फोन करून विचारा.

पण खरंच लागतो का? राउटरमधला वॅन आयपी बघा आणि गूगलवर "माझा आयपी" शोधून जुळवा. वेगळे निघाले, आणि राउटरमधला १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे एकाच बाहेरच्या पत्त्यामागे अनेक घरं. आयपीव्हीफोरचे पत्ते सगळे मिळून ४३० कोटींच्या आसपास. जगाचा मुख्य साठा २०११ मध्येच वाटून संपला, त्यामुळे ही भाडेकरूंसारखी व्यवस्था. अशा कनेक्शनवर तुम्ही कितीही पोर्ट फॉरवर्डिंग करा, गावाकडचा कॅमेरा बाहेरून दिसणार नाही.

नुसता प्रिंटर किंवा फाइल शेअरिंग हवं असेल तर घरातला आयपी पक्का करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, मग आयपी असाइनमेंटपुढे एडिट. ऑटोमॅटिकचं मॅन्युअल करा, आयपीव्हीफोर चालू करा. त्याआधी कमांड प्रॉम्प्टवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल चालवून स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, गेटवे तिथूनच मिळतो. मास्क बहुतेक घरांत २५५.२५५.२५५.०, विंडोज १० तिथे प्रीफिक्स लेंग्थ मागतं, २४ लिहा. आकडा राउटरच्या डीएचसीपी रेंजबाहेरचा निवडा, नाहीतर तोच आयपी आईच्या मोबाइलला जाईल आणि दोघं भांडत बसाल. मला विचाराल तर राउटरमध्येच डीएचसीपी रिझर्व्हेशन करणं जास्त सोपं.

आता जरा गंभीर. बाहेरचा स्टॅटिक आयपी म्हणजे दारावरची कायमची पाटी. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ पोर्ट उघडं ठेवलंत, तर दिवसरात्र फिरणारे बॉट्स पासवर्ड ठोकत बसतात. २०१६ मध्ये मिराईने कारखान्याचेच पासवर्ड असलेले कॅमेरे आणि डीव्हीआर पकडून मोठमोठ्या साइट्स पाडल्या होत्या. त्यामुळे पोर्ट उघडण्यापेक्षा वायरगार्डसारखा व्हीपीएन लावा. टेलस्केल तर सीजीनॅटमागूनही चालतं, स्टॅटिक आयपी नसला तरी. घरगुती वापराला त्याचा फुकटचा प्लॅन पुरतो, तेव्हा पैसे भरण्याआधी एक रविवार तो वापरून बघा.

राउटरमध्ये डीएचसीपी रेंज कुठे सापडते, ते पुढच्या भागात स्क्रीन रेकॉर्डिंगसकट. भेटूच!