नवशिक्याची नोकरी, पाच वर्षांची अट



सायबर सुरक्षेच्या नोकऱ्यांच्या जाहिराती वाचा. वर लिहिलेले असते ‘फ्रेशर चालतील’ आणि खाली मागणी असते ‘सीआयएसएसपी’ प्रमाणपत्राची. आता हे प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा नियम पाहा. आठपैकी किमान दोन विषयांत मिळून पाच वर्षे काम केलेले हवे. संबंधित पदवी असेल तर सूट फक्त एका वर्षाची. अनुभव नसताना परीक्षा उत्तीर्ण झालात, तर केवळ ‘असोसिएट’ म्हणवून घेता येते. म्हणजे जाहिरात जे मागते, ते नवशिक्याकडे असूच शकत नाही.

मग आत कोण जातो? ज्याच्या ओळखीचे कोणी आत आहे, तो. त्याला ही अट ‘नुसती लिहायची असते’ हे ठाऊक असते. घरात पहिल्यांदाच पदवी घेतलेली मुलगी मात्र ती अट खरी मानते आणि अर्जच करत नाही. तिला कोणी नकार दिलेला नसतो, तरी ती बाहेरच राहते.

पहिल्या पायरीचे काम असते संगणकावर येणारे धोक्याचे इशारे तपासणे, खरे-खोटे वेगळे करणे, नोंद ठेवणे, वरिष्ठांना कळवणे. नेटवर्क आणि लिनक्स नीट येत असेल, तर बाकीचे कामावर शिकवता येते.

म्हणून कंपन्यांना सांगणे आहे: कागद मागू नका, एक लॉग समोर ठेवून परीक्षा घ्या. आणि मुलींनो, मुलांनो, अट पाहून मागे फिरू नका. अर्ज करा.