लिबरेटर विमानांचा पुनर्जन्म

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात, ट्यूसान शहराजवळच्या वाळवंटी प्रदेशात, पिमा या नावाचे विमानांचे एक विस्तीर्ण संग्रहालय आहे. चार इंजिनांचे, दुहेरी शेपटीचे एक अवाढव्य बाँबफेकी विमान तेथे जतन करून ठेवले आहे. त्याच्या अंगावर ‘बंगे बकरू’ हे नाव रंगविलेले आहे. ते नाव दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील तळावरून लढलेल्या एका वेगळ्याच विमानाचे. संग्रहालयातले हे विमान तेथे १९६९ साली उडत आले, ते पुण्याहून.

अमेरिकेत बनलेले हे विमान पुण्याला कसे आले, याची कथा कानपूरपासून सुरू होते. लिबरेटर या जातीची अठरा हजारांहून अधिक विमाने महायुद्धाच्या काळात अमेरिकेने बांधली. एवढ्या संख्येने दुसरे कोणतेही अमेरिकी लष्करी विमान निघाले नाही. त्यांतील शेकडो विमाने लेंड-लीज कराराखाली ब्रिटिश हवाई दलाला मिळाली आणि त्यांपैकी पुष्कळशी जपानविरुद्धच्या लढाईसाठी भारतात आणि पूर्वेकडे आली. करार असा होता की, युद्ध संपताच ती परत करावीत, विकत घ्यावीत किंवा निकामी करावीत. परत नेण्याचा खर्च अमेरिकेला नको होता आणि विकत घेण्यास ब्रिटनजवळ पैसा नव्हता. मग उरला तो तिसरा मार्ग. कानपूरच्या चकेरी तळावर ही विमाने ओळीने आणून उभी केली गेली आणि त्यांची पद्धतशीर मोडतोड झाली. पत्रे फोडले, उपकरणे ठेचली, इंजिनांत वाळू ओतली. ज्यांनी एके काळी त्यांची निगा राखली, त्यांच्याच वर्गातील लोकांना हे काम करावे लागले असेल. त्या वेळी त्यांच्या मनाला काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

१९४७ नंतर नवस्वतंत्र भारताला लांब पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांची निकड भासली. नवी विमाने घ्यावयाची तर परकीय चलन हवे. तेव्हा दृष्टी वळली ती चकेरीच्या त्या भंगाराकडे. हे काम बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या कारखान्याकडे आले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४० साली उभारलेला हा कारखाना युद्धकाळात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचे मोठे केंद्र बनला होता; त्यामुळे तेथील कारागिरांचा हात अशा यंत्रांवर बसलेला होता. मोडलेल्या विमानांतून त्यातल्या त्यात धडधाकट निवडावयाची, एकाचा अवयव दुसऱ्याला बसवावयाचा, ते कसेबसे उडण्याजोगे करावयाचे आणि कानपूरहून बंगलोरला उडवीत न्यावयाचे, असा क्रम ठरला. अंतर सुमारे दीड हजार किलोमीटर. ही जोखीम कारखान्याचे चाचणी-वैमानिक जमशेद मुन्शी यांनी उचलली. अर्धवट दुरुस्त केलेले, वाळूने झिजलेल्या इंजिनांचे विमान घेऊन जाण्याची खेप एकदा केली तरी ते साहस ठरावे. त्यांनी अशा अनेक खेपा केल्या. बंगलोरला मग विमानाची खरी दुरुस्ती होई. अशा रीतीने चाळीसच्या आसपास लिबरेटर पुन्हा आकाशात गेली. तुलनेने पाहता, हिमालयावरील चढाया जितक्या गाजल्या, तितकी ही उड्डाणे मुळीच गाजली नाहीत.

१९४८ च्या नोव्हेंबरात हवाई दलाच्या पाचव्या तुकडीला पहिली लिबरेटर विमाने मिळाली. १९५१ साली पुण्यात सहावी तुकडी पुन्हा उभी राहिली आणि तिच्याकडे सागरी टेहळणीचे काम आले. विमानाचा पल्ला प्रचंड. त्यामुळे अरबी समुद्रावर तासन् तास घिरट्या घालणे हे त्याच्या प्रकृतीला मानवणारे काम होते. पाचव्या तुकडीकडे १९५७ साली कॅनबेरा ही जेट विमाने आली, पण सहाव्या तुकडीची लिबरेटर चालतच राहिली. इतर देशांच्या हवाई दलांतून ही जात केव्हाच नाहीशी झाली होती. भारतात ती १९६८ च्या अखेरीस निवृत्त झाली.

आणि तेव्हाच परदेशांना त्यांची आठवण झाली. अमेरिकेने आपल्या हजारो लिबरेटर विमानांचा रस काढून भांडी-पत्रे केले होते. ब्रिटनजवळ तर एकही उरले नव्हते. १९६८ मध्ये एक विमान कॅनडाला गेले. त्याच्या बदल्यात कॅनडाकडून लायसँडर हे विमान मिळाले, तो व्यवहार मात्र दोन्ही बाजूंना शोभणारा झाला. कारण १९४२ साली ब्रह्मदेशात मजुमदारांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली तुकडी लायसँडरवरच लढली होती. ते विमान दिल्लीत पालमच्या संग्रहालयात आहे आणि तेथेच एक लिबरेटरही आहे. १९६९ मध्ये पिमाचे विमान गेले. १९७४ मध्ये एक ब्रिटिश हवाई दलाच्या संग्रहालयासाठी इंग्लंडला उडत गेले. आणखी एक १९८० च्या दशकात सुटे करून मालवाहू विमानाने इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेत गेले. तेथे दुरुस्त होऊन ते १९८९ पासून पुन्हा उडू लागले. त्यालाही वेळोवेळी वेगवेगळ्या अमेरिकी विमानांची नावे देण्यात आली. जगात पूर्ण स्वरूपात उरलेल्या मोजक्या लिबरेटरांपैकी निम्म्याच्या जवळपास विमाने अशी भारतातून गेलेली आहेत. स्पिटफायर आणि टेंपेस्ट या लढाऊ विमानांचे अवशेषही १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या संग्राहकांनी येथून नेले.

याला लूट म्हणता येणार नाही. ही विमाने रीतसर दिली वा विकली गेली आणि येथे राहिली असती तर बहुतेक भट्टीतच गेली असती. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही त्यांच्या कामाचा नव्हता. त्याला वस्तू शंभर वर्षांची लागते आणि विमानाचे आयुष्य तर वीस वर्षांत संपते. खटकते ते निराळेच. त्या विमानांच्या जीवनातील वीस वर्षांवर रंगाचा एक हात फिरला आहे. युद्धात ती जितकी वर्षे होती, त्याच्या कितीतरी पट वर्षे ती भारताच्या खुणा वागवीत होती; पण प्रेक्षकाला समोर दिसते ते युद्धच.

उलट दिशेनेही एक विमान आले आहे. आयर्लंडमध्ये मोडकळीस आलेले एक डकोटा राजीव चंद्रशेखर यांनी विकत घेऊन इंग्लंडमध्ये दुरुस्त करविले. त्यांचे वडील हवाई दलात डकोटाच चालवीत. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना ही भेट स्वीकारली गेली आणि १७ एप्रिल २०१८ रोजी कॉव्हेंट्रीहून निघालेले ते विमान टप्प्याटप्प्याने येऊन ४ मे रोजी हिंडनच्या तळावर हवाई दलात दाखल झाले. त्याला ‘परशुराम’ हे नाव आणि व्ही. पी. ९०५ हा क्रमांक मिळाला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डकोटाचा तो क्रमांक. हे ते विमान नव्हे. क्रमांक उसना आहे. पिमाच्या विमानाचे नावही उसनेच. फरक एवढाच, की परशुरामाच्या बाबतीत ही गोष्ट पहिल्या दिवसापासून उघड सांगितली गेली.